बाळ बाळसं धरत नाही: अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली ९ वर्षं मी सांगलीत बाळंतिणींना पाजायला मदत करते. मी डॉक्टर नाही. धाकटीच्या वजनापायी माझी दीड महिना झोप उडाली होती, त्यानंतर मी स्तनपान समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं. विश्रामबागेपासून तासगाव, जतपर्यंतच्या आया फोन करतात. बहुतेक फोन संध्याकाळी सहानंतर येतात, कुणीतरी बघायला येऊन "बाळ सुकलंय गं" म्हणून गेल्यावर. सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

माझं बाळ दीड महिन्याचं आहे. शेजारचं त्याच वयाचं बाळ कसं गुबगुबीत आहे, आमचं हाडापेरानं बारीक. काळजी करू का?

शेजारचं बाळ किती किलोचं जन्मलं ते आधी विचारा. साडेतीन किलोचं जन्मलेलं बाळ आणि अडीच किलोचं जन्मलेलं बाळ दीड महिन्यांनी सारखं दिसणार नाही. आईवडील दोघे शेलाटे असतील तर बाळही शेलाटं असू शकतं. बाळाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वजनाशी करायची. ते वाढतंय का, आणि किती वेगानं, एवढंच पाहायचं.

मग किती वाढायला हवं?

पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम. तीन ते सहा महिन्यांत आठवड्याला शंभर ते दीडशे. सहा महिन्यांनंतर त्याहून कमी. पाच-सहा महिन्यांपर्यंत जन्माच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षापर्यंत तिप्पट, हा आपल्या आज्यांचाही हिशोब होता आणि तो बरोबरच आहे.

पहिल्या तीन महिन्यांत एखाद्या महिन्यात ५०० ग्रॅमपेक्षा कमी वाढ झाली, तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत बसू नका. बाळ लगेच आजारी आहे असं नाही, पण त्याच आठवड्यात कुणीतरी जाणत्या माणसानं तुमचं पाजणं बघायला हवं.

बारशाला वजन केलं तर जन्मापेक्षा कमी भरलं. असं कसं?

जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. अंगातलं जादा पाणी जातं, काळी शी जाते. ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. १० टक्क्यांच्या जवळ गेली तर लक्ष घालायचं. तीन किलोच्या बाळाला १० टक्के म्हणजे ३०० ग्रॅम.

पाचव्या दिवसापासून वजन वर चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून येतं. लक्षात ठेवायला बारसं ही सोयीची खूण आहे. बारशाला थोडं कमी असेल आणि रोज चढत असेल तर चार दिवस थांबायला हरकत नाही. दोन आठवडे झाले तरी भरून आलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. सीझर झालेल्या बाईला आधीच्या दिवसांत भरपूर सलाइन लागलं असेल तर बाळही जरा पाणी घेऊन जन्मतं आणि त्याची सुरुवातीची घट थोडी जास्त दिसू शकते.

दवाखान्यात ३ किलो ८००, अंगणवाडीत ३ किलो ६५०, किराणा दुकानात ४ किलो. खरं कोणतं?

एकही नाही, आणि तिन्ही. काटे वेगळे, कपडे वेगळे. दुपटं, कानटोपी, लंगोट, पायातले वाळे यांचंच दोनशे ग्रॅम सहज होतं. एका पाजण्यानं वजन ६०-७० ग्रॅम वर जातं, एका शीनं तेवढंच खाली येतं. म्हणून एकच काटा ठरवा, बाळ उघडं किंवा फक्त कोरड्या लंगोटात ठेवा, साधारण एकाच वेळी करा, आणि आठवड्यातून एकदाच करा. रोज वजन करणारी आई रोज रडते, हे मी स्वतः अनुभवलंय. टांगत्या स्प्रिंगच्या काट्यापेक्षा तान्ह्या बाळांचा डिजिटल काटा बरा. आरोग्य केंद्रात तो असतो, आणि दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना तिथे जाणं होतंच.

लसीच्या कार्डावर जो आलेख आहे तो कसा वाचायचा?

माता बाल संरक्षण कार्डात मुलींचा आलेख गुलाबी आणि मुलांचा निळा असतो. आडवी ओळ वयाची, उभी वजनाची. दर महिन्याला टिंब द्यायचं आणि टिंबं जोडायची. हिरव्या पट्ट्यात असणं चांगलंच, पण त्याहून महत्त्वाची आहे तुमच्या बाळाच्या रेषेची दिशा. हिरव्या पट्ट्याच्या तळाशी राहून रेषांना समांतर चढणारं बाळ मला निश्चिंत करतं. वरून सुरुवात करून दर महिन्याला एकेक रेष खाली येणारं बाळ अजून हिरव्यात असलं तरी मी त्याच्या आईला बोलावून घेते.

हे आलेख जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली आणले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, आईच्या दुधावर वाढलेली बाळं मोजली होती. आपल्याकडची दिल्लीतली होती. त्यामुळे "हे परदेशी बाळांचे आकडे, आपली बाळं बारीकच असतात" हे म्हणणं टिकत नाही. या मापानं तीन महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ५.८ किलो आणि मुलाचं ६.४. पण मुलगी ४.५ किलोपर्यंत आणि मुलगा ५ किलोपर्यंत असला तरी ते हिरव्यातच असतं. इतका मोठा पट्टा आहे, आणि बायका मधल्या आकड्यालाच पास-नापास समजून बसतात.

काटा नसताना दूध पोटात जातंय हे कसं ओळखायचं?

लंगोटावरून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, तीही फिकट, पाण्यासारखी. शू गडद पिवळी, वासाची, किंवा लंगोटावर विटकरी डाग पडत असतील तर दूध कमी पडतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी डाग दिसला तर चालतं, त्यानंतर नाही. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा पिवळी पातळ शी व्हायला हवी. दीड महिन्यानंतर मात्र चांगलं वाढणारं बाळही चार-चार दिवस शी करत नाही, त्याला घाबरायचं नाही. दिवसभर डायपर बांधत असाल तर आठवडाभर कापडी लंगोट वापरा. मोजायला सोपं जातं.

दुसरी खूण घशाची. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं, मग पान्हा सुटला की लय बदलते: एक-दोन घोट, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि गिळल्याचा आवाज येतो. खोलीत पंखा बंद करून ऐका. नुसतं चुळुचुळु चोखणं चालू असेल आणि गिळणं ऐकू येत नसेल, तर बाळ तासभर अंगावर असलं तरी पोटात फारसं गेलेलं नसतं.

माझी छाती आता दाटत नाही, मऊ असते. पिळलं तर चमचाभर येतं. दूध आटलं का?

नाही. पहिल्या काही आठवड्यांत गरजेपेक्षा जास्त बनतं म्हणून दाटतं. महिना-दीड महिन्यात शरीराला बाळाचं माप कळतं आणि छाती मऊ होते. हातानं किंवा पंपानं निघालेलं दूध हे मोजमापच नाही, कारण बाळाइतकं चांगलं कुणालाच काढता येत नाही. याच समजुतीतून किती बायकांनी विनाकारण पावडरच्या दुधाचा डबा सुरू केला, त्याची मला खरंच हळहळ वाटते.

तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा कोणतं कारण सापडतं?

कमी वेळा पाजणं, आणि तोंडात नीट न घेणं. या दोन गोष्टींतच बहुतेक बायकांचं उत्तर मिळतं.

माझी धाकटी २ किलो ७०० ग्रॅमची जन्मली. दीड महिन्याच्या लसीला भरली ३ किलो १५०. जिथे बाळंतपण झालं तिथे मला सांगितलं होतं, दर तीन तासांनी, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं. मी घड्याळ लावून बसायचे. ती पाच मिनिटांत डोळे मिटायची, उरलेली पाच नुसती तोंडात धरून पडायची, की मी बाजू बदलायचे. मध्येच कुरकुरली तर चोखणी द्यायचे, "अजून वेळ झाली नाही" म्हणून. रात्री सलग सहा तास झोपायची आणि घरात सगळे म्हणायचे, किती गुणाची पोर. ती गुणाची नव्हती, भुकेनं थकलेली होती. हे मला मिरजेतल्या एका जुन्या नर्सबाईंनी सांगितलं. त्यांनी घड्याळ काढून ठेवायला लावलं, चोखणी बंद केली आणि शेजारी बसून बाळ कसं धरायचं ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात ती २१० ग्रॅम वाढली. दूध तेच होतं, आई तीच होती.

तेव्हा हे करून बघा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नाही. नाक स्तनाग्राच्या समोर. बाळानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला स्तनाकडे आणा. तुम्ही वाकून स्तन त्याच्या तोंडात कोंबू नका. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय आणि खाली कमी, गालाला खळ्या पडत नाहीत, तुम्हाला दुखत नाही: मग बरोबर. तोंडातून सुटल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरपं दाबलेलं दिसत असेल तर बाळ फक्त टोक चघळतंय.

गिळणं थांबलं की स्तन हातानं सगळीकडून हलकेच दाबून धरा, बाळ पुन्हा घोट घेतं. तरीही झोपलं तर लंगोट बदला, तळपायाला गुदगुल्या करा, दुसऱ्या बाजूला घ्या, पुन्हा पहिल्या बाजूला. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हायला हवं. वजन मागे असलेल्या तान्ह्याला दिवसा तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका, रात्री चार.

क्वचित जिभेखालचा पडदा आखूड असतो आणि जीभ पुढे येत नाही. नीट धरूनही सतत दुखत असेल तर डॉक्टरांना तोंडात बघायला सांगा.

दूध वाढवायला काय करू?

आपल्याकडे गोठा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तेच उदाहरण देते. धार पूर्ण काढली नाही, कासेत दूध ठेवत गेलं, तर म्हैस आटते. बाईचंही तसंच आहे. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवीन भरतं. पाजायच्या आधी दूध साठावं म्हणून थांबणं हा उलटा उपाय आहे. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटं हातानं दूध काढा आणि तेही बाळाला वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या. बाळाला उघड्या छातीवर नुसतं घेऊन पडा, दिवसातून दोन-तीनदा तरी.

आणि अनोळखी माणूस धार काढायला बसला की म्हैस पान्हा चोरते. बाळंतिणीभोवती चार जणी बसून "पितंय का, पितंय का" विचारत असतील तर तिचाही पान्हा लवकर सुटत नाही. खोलीचं दार लोटून घ्या.

इतकं करूनही दूध वाढत नसेल तर तुमची रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल किंवा वारेचा तुकडा आत राहिला असेल तर दूध कमी बनतं. पीसीओडी असलेल्या काही जणींनाही हा त्रास होतो. पाळणा लांबवायला कुणी माला-एन किंवा माला-डी सुरू केली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यातल्या इस्ट्रोजेननं दूध घटतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दुसरं साधन निवडलेलं बरं.

सासूबाई म्हणतात तुझं दूध पातळ आहे, अंगाला लागत नाही.

कुणाचंच दूध पातळ नसतं. आईचं दूध दिसायलाच निळसर-पातळ असतं, म्हशीच्या दुधाशेजारी ठेवलं तर कुणालाही तसंच वाटेल. पाजण्याच्या सुरुवातीचं दूध पाणीदार असतं आणि जसजशी छाती रिकामी होते तसतसं स्निग्ध येत जातं. म्हणून घाईनं बाजू बदलायची नाही. सासूबाईंना हे माझ्या नावानं वाचून दाखवा. त्यांचंही बाळावर प्रेमच आहे.

मी काय खाऊ?

पोटभर, सगळं. पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात: एक जादा जेवण आणि एक जादा नाश्ता. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, शेपू-मेथी, उसळी, अंडी, मासे, सगळं चालतं. अळीव किंवा शतावरीनं दूध वाढतंच असा ठाम पुरावा नाही, पण अळिवात लोह आहे आणि खीर आवडत असेल तर खा. मला चीड येते ती पथ्याची. वरणभात आणि लसणाच्या तिखटावर सव्वा महिना काढलेल्या मुली बघितल्यात. दूध तरीही बनतं, पण ते आईच्या अंगातून ओढून.

सांगलीचा उन्हाळा, चाळीसच्या वर पारा. बाळाला पाणी?

नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं पोट भरलं की तेवढं दूध कमी जातं, आणि वजन तिथेच अडतं. जास्त वेळा पाजा. पाणी तुम्ही प्या.

गुटी, मध, ग्राइप वॉटर?

सहा महिने काहीही नाही. मध तर वर्षभर नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्याला बॉट्युलिझम हा लुळेपणाचा आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले डी जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, ते मात्र द्यायचे.

घरची म्हैस आहे. थोडं पाणी घालून दूध दिलं तर?

म्हशीचं दूध रेडकासाठी आहे. त्यात प्रथिनं आईच्या दुधाच्या सुमारे चौपट, तान्ह्याच्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो. लोह मात्र फार थोडं. पाणी घातलं की ताकदही गेली. वर्षाच्या आत पिण्यासाठी गाई-म्हशीचं दूध नको.

डॉक्टरांनी पावडर लिहून दिली. देऊ का? दिली तर अंगावरचं सुटेल का?

आधी विचारा, वजनाचा आलेख बघून लिहिलीय का, आणि पाजताना कुणी पाहिलं का. दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर आठवडाभर वर लिहिलेलं सगळं करून, पुन्हा वजन करण्याची परवानगी मागा. बाळ तरतरीत असेल, शू भरपूर असेल, तर बरेच बालरोगतज्ज्ञ हो म्हणतात.

पण बाळाला खरंच कमी पडत असेल तर थांबू नका. उपाशी बाळाला पिण्याचीही ताकद उरत नाही, आणि मग दूध आणखी घटतं. आधी स्वतःचं काढलेलं दूध, मग दूधपेढीतलं मिळत असेल तर ते, नाहीतर पावडर. आपल्या राज्यात मुंबईला शीवच्या (सायनच्या) रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे, आशियातली ती पहिली. पावडर द्यावी लागलीच तर उकळून घेतलेल्या पाण्यात डब्यावरच्या मापानंच, वाटी-चमच्यानं, आणि आधी अंगावर पाजूनच. पाणी जास्त घालून डबा पुरवायचा नाही. वजन सावरलं की डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते. मी अशा कितीतरी बायका बघितल्यात ज्यांनी दोन महिन्यांचा डबा बंद करून वर्षभर अंगावर पाजलं. ज्यांचा बंद झाला नाही, त्यांचीही बाळं छान आहेत.

तासगावला द्राक्षबागेत जाते, सकाळी आठ ते पाच. बाळ तीन महिन्यांचं, आजीजवळ असतं. या महिन्यात फक्त ३०० ग्रॅम वाढलं.

नऊ तासांत दूध काढलंच जात नसेल तर छातीला वाटतं गरज संपली. निघायच्या अगदी आधी पाजा. कामावर दर तीन तासांनी, साबणानं हात धुऊन, स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात हातानं दूध काढा. सावलीच्या खोलीत ते चार तास टिकतं, भर उन्हाळ्यात तेवढंही धरू नका. घरी फ्रिज असेल तर सकाळी आणि रात्री काढलेलं चोवीस तास ठेवता येतं. जेवणाच्या सुट्टीत कुणी बाळाला बांधावर आणू शकत असेल तर त्यासारखं काहीच नाही. घरी आल्यापासून सकाळपर्यंत बाळाला मोकळं अंगावर राहू द्या. फवारणी किंवा डिपिंगचं, म्हणजे घड औषधात बुडवायचं, काम असेल त्या दिवशी आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्या. आणि आजीला प्रेमानं विचारा, दुपारी काय देतात. बहुतेक वेळा साखरपाणी किंवा बिस्किट निघतं.

कधी वाट न बघता दवाखाना गाठायचा?

बाळ उठवूनही उठत नाही किंवा ओढायचंच बंद झालंय. दिवसभरात शू अगदी कमी. अंग तापलंय किंवा गार पडलंय. पिताना दम लागतो, कपाळावर घाम येतो. हृदयाचा दोष असू शकतो. हिरवी उलटी, किंवा दर वेळी पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी. कावीळ दोन आठवड्यांपुढे रेंगाळली आणि शी पांढरट होतेय. वजन वाढत नाही इतकंच नाही, तर उतरतंय. यातलं काहीही असेल तर सांगलीचं किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय, साताऱ्याकडे असाल तर तिथलं जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते. गाडी नसेल तर १०८. लघवीतला जंतुसंसर्ग कधीकधी बाहेरून काहीच दाखवत नाही, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तर टाळू नका.

दृष्ट लागली असेल का?

मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळा. आणि त्याच दिवशी वजनही करा.

चार महिन्यांपर्यंत छान वाढत होतं, आता मंदावलंय.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर वेग कमी होतोच. त्यात बाळाला आता जग दिसायला लागलेलं असतं. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं की तोंड सोडून बघतं. अंधाऱ्या शांत खोलीत पाजा. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू करा, त्याआधी नाही आणि त्यानंतर उशीरही नाही: तूप घालून मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. डाळीचं पाणी नको, डाळ द्या.

मला सारखं रडू येतं. वाटतं, मीच कमी पडले.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप लागेना, बाळाकडे बघावंसंही वाटेना झालं, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे, पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. आशाताई बाळाला बघायला ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना स्वतःबद्दलही सांगा. कमी वजन ही दुरुस्त करायची गोष्ट आहे. तुमच्या आईपणाचे गुण त्या काट्यावर पडत नाहीत.

बाळाचा बाबा आहे. मी काय करू शकतो?

हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण विचारतात, आणि प्रत्येकाचा मला आदर वाटतो. रात्री दोन वाजता लंगोट बदलून बाळ तिच्या हातात द्या, पिऊन झाल्यावर ढेकर तुम्ही काढा. ती पाजायला बसली की पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा. बघायला आलेल्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्या. आणि दर आठवड्याला वजन करायला बाळाला तुम्ही आणि आजी घेऊन जा, तेवढा तासभर तिला झोपू द्या.